हार्डवेअर वॉलेट : क्रिप्टोची किल्ली घरी ठेवताना



मागच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभा होतो. आपल्यातल्याच एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? आमच्या चिरंजीवांनी बिटकॉइन घेतलेत आणि ते म्हणे एका पेनड्राइव्हमध्ये ठेवलेत. उद्या तो पेनड्राइव्ह हरवला तर सगळे पैसे गेले का रे?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, पण उत्तर रांगेत उभ्या उभ्या देण्याइतके छोटे नव्हते. नंतर आणखी तीन-चार जणांनी साधारण हेच विचारले, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

सुरुवातीलाच एक खुलासा. क्रिप्टो घ्यावे की घेऊ नये, याबद्दल हा लेख नाही. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण ज्यांनी घेतले आहे, त्यांनी ते नीट सांभाळावे आणि घरच्यांनाही ते सापडावे, एवढाच हेतू.

पैसे नेमके असतात कुठे?

काकांच्या चिरंजीवांचे बिटकॉइन त्या उपकरणात नाहीतच! बिटकॉइनची सगळी नोंद एका सार्वजनिक खातेवहीत असते. तिलाच ब्लॉकचेन म्हणतात. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या या खातेवहीच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत. अमुक पत्त्यावर अमुक इतके बिटकॉइन, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. नाव नाही, गाव नाही.

मग ते बिटकॉइन आपले कशावरून? त्या पत्त्याची खाजगी किल्ली आपल्याकडे असते यावरून. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती वापरून केलेली डिजिटल सही असेल तरच पत्त्यावरचे पैसे हलतात. किल्ली ज्याच्याकडे, पैसे त्याचे. इथे पासवर्ड बदलून देणारी बँक नाही की तक्रार ऐकणारा मॅनेजर नाही.

एक्स्चेंजवर ठेवले तर काय बिघडले?

एक्स्चेंजवर ठेवलेल्या क्रिप्टोच्या किल्ल्या एक्स्चेंजकडे असतात. आपल्याला दिसतो तो फक्त आकडा. बहुतेक वेळा यात काही अडचण येत नाही. पण येते तेव्हा मोठी येते.

- टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगितले. त्यातले सुमारे दोन लाख नंतर सापडले. ग्राहकांना बिटकॉइनच्या रूपात परतफेड सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडला. म्हणजे दहा वर्षे!
- एफटीएक्स हे एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळले. तिथे बाहेरच्या चोराची गरज पडली नाही. संस्थापक सॅम बँकमन-फ्रीडला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.
- आपल्या मुंबईतल्या वझीरएक्सवर जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि लाखो भारतीयांची खाती गोठली. त्यात आपल्या ओळखीतलेही असतील.

इथे अमेरिकेत बँकेतल्या ठेवींना एफडीआयसीचे विमासंरक्षण असते. क्रिप्टोला ते नाही, हेही लक्षात असू द्या.

हार्डवेअर वॉलेट काय करते?

किल्ली स्वतःकडे ठेवायची तर संगणकावर किंवा फोनवर ठेवता येते, पण ही दोन्ही यंत्रे सतत इंटरनेटवर असतात. एखादा व्हायरस शिरला की किल्ली गेली. यावर उपाय म्हणून किल्लीसाठी वेगळे छोटे उपकरण निघाले. प्रागच्या सातोशीलॅब्ज कंपनीचे ट्रेझर २०१४ मध्ये बाजारात आले. पॅरिसची लेजर ही कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली. आज स्वित्झर्लंडचे बिटबॉक्स, कॅनडाचे कोल्डकार्ड असे इतरही पर्याय आहेत. साधे उपकरण साधारण शंभर डॉलरच्या आत-बाहेर मिळते.

त्याचे काम थोडक्यात असे. आपण संगणकावर व्यवहार तयार करतो: अमुक पत्त्यावर इतके पाठव. तो मजकूर उपकरणाकडे जातो. उपकरण आपल्या छोट्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम दाखवते. आपण बटण दाबून होकार दिला की ते आतल्या आत सही करते आणि फक्त सही संगणकाकडे परत देते. किल्ली बाहेर येतच नाही. त्यामुळे संगणकात व्हायरस असला तरी त्याला किल्ली मिळत नाही.

उपकरणाला पिन असतो. लेजरवर तीन वेळा पिन चुकला, तर उपकरण स्वतःला कोरे करते. ट्रेझरवर ही मर्यादा याहून जास्त वेळांची आहे. म्हणजे चोराने उपकरण पळवले तरी त्याच्या हाती सहजासहजी काही लागत नाही.

खरी गोष्ट म्हणजे ते २४ शब्द

उपकरण पहिल्यांदा सुरू करताना ते आपल्याला १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवते (काही नव्या उपकरणांत २० शब्दांची वेगळी पद्धत आहे). यांना सीड फ्रेज किंवा रिकव्हरी फ्रेज म्हणतात. २०१३ च्या बिप-३९ या मानकानुसार हे शब्द २०४८ साध्या शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. आपल्या सगळ्या किल्ल्या या शब्दांवरून गणिताने तयार होतात.

याचे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही पक्के लक्षात ठेवावेत.

एक, उपकरण हरवले, मोडले, चुकून वॉशिंग मशीनमध्ये गेले तरी पैसे जात नाहीत. नवे उपकरण आणायचे, तेच शब्द त्याच क्रमाने भरायचे, सगळे परत दिसते. कंपनी उद्या बंद पडली तरी बिप-३९ मानणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या उपकरणावर हे शब्द चालतात.

दोन, हे शब्द ज्याने वाचले त्याला आपले उपकरण लागत नाही, पिनही लागत नाही. तो जगात कुठेही बसून सगळे पैसे काढू शकतो.

म्हणून सांभाळायचे आहेत ते शब्द. उपकरण परत विकत मिळते, शब्द मिळत नाहीत.

घेताना आणि सुरू करताना

१. उपकरण थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. जुने, वापरलेले किंवा कुणा अनोळखी विक्रेत्याकडचे स्वस्त उपकरण घेऊ नका.

२. खोक्यात आधीच छापलेले शब्द आले, तर ते उपकरण वापरूच नका. शब्द नेहमी आपल्यासमोर, उपकरणाच्या पडद्यावर तयार झाले पाहिजेत.

३. शब्द कागदावर पेनने, क्रमांक घालून, सुवाच्य अक्षरात लिहा. इंग्रजीतच लिहा. बिप-३९ च्या याद्यांत मराठी नाही. देवनागरीत लिहिले की स्पेलिंगचा घोळ होतो, आणि तो कळतो नेमका गरजेच्या दिवशी.

४. आता फक्त २०-२५ डॉलरचे क्रिप्टो त्यावर पाठवा. मग उपकरण मुद्दाम कोरे करा आणि कागदावरचे शब्द भरून परत उभे करा. तेच पत्ते आणि तीच रक्कम दिसली तरच मोठी रक्कम पाठवा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. पण कागद बरोबर आहे की नाही हे तपासायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

५. पत्ता नेहमी उपकरणाच्या पडद्यावर ताडून पाहा. संगणकावर कॉपी-पेस्ट करताना पत्ता बदलणारे व्हायरस असतात.

शब्द कुठे ठेवावेत?

फोटो काढू नका. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, क्लाउड, वर्डची फाईल यांपैकी कुठेही ठेवू नका. हे सांगणारा मी स्वतः इंजिनिअर असून पहिल्या दिवशी फोनने फोटो काढला होता! आठवडाभराने लक्षात आले की तो फोटो आपोआप क्लाउडवर गेला आहे आणि घरातल्या टॅबलेटवरही दिसतो आहे. नुसता फोटो पुसून भागले नसते. नवे शब्द तयार करून सगळे पैसे तिकडे हलवले, तेव्हा झोप लागली.

कागद भिजतो, जळतो. रक्कम मोठी असेल तर स्टीलची पट्टी घ्या. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे वेगळी आहेत, त्यामुळे चार अक्षरे ठोकली तरी पुरते. दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवा, उदाहरणार्थ एक घरी तिजोरीत आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. शब्द अर्धे इथे, अर्धे तिथे असे तोडून मात्र ठेवू नका. एक अर्धा भाग हरवला की सगळेच गेले.

वरून आणखी एक गुप्त पासफ्रेज लावायची सोय असते. ती विसरलात तर नुसत्या २४ शब्दांनी काहीच परत मिळत नाही, म्हणून नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

फसवणूक कशी होते?

चोराला उपकरण फोडण्यापेक्षा आपल्याला फसवणे सोपे जाते. डिसेंबर २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन नंबर इंटरनेटवर उघड झाले. त्यानंतर काही ग्राहकांना टपालाने खोटी उपकरणे आली. २०२५ मध्येही कंपनीच्या नावाने छापील पत्रे आली: "सुरक्षेसाठी आपले २४ शब्द भरा." नियम एकच. कंपनी, बँक, सरकार, कुणीही हे शब्द मागत नाही. मागितले तर तो चोर.

दुसरा धोका डोळे झाकून सही करण्याचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुबईच्या बायबिट एक्स्चेंजवरून सुमारे दीड अब्ज डॉलरचे क्रिप्टो चोरीला गेले. मंजुरी देणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती. संगणकाच्या पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता, सही मात्र भलत्याच गोष्टीवर झाली. उपकरणावर काय दिसते आहे ते समजत नसेल, तर बटण दाबू नका.

घरच्यांना सापडेल का?

आता सर्वांत महत्त्वाचे. दोन वर्षांपूर्वी मला अचानक अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हावे लागले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "बँकेचं, विम्याचं मला सगळं माहीत आहे. तुझ्या त्या डबीचं मात्र काहीच माहीत नाही. तुला काही झालं असतं तर मी काय करणार होते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. चोरापासून मी इतके नीट लपवले होते की ते घरच्यांपासूनही लपले होते.

बँकेत मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे दिली की पैसे मिळतात. हार्डवेअर वॉलेट कोर्टाच्या हुकमाने उघडत नाही. आणि आपल्यापैकी अनेकांचे आईवडील, भावंडे तिकडे पुण्या-मुंबईला. त्यांना तर आपल्याकडे असे काही आहे याची कल्पनाही नसते.

आम्ही आता असे केले आहे. एक पानी पत्र लिहिले: काय आहे, उपकरण कोणते, शब्दांच्या प्रती कुठे, आणि घाईने कुणालाही शब्द न सांगता कोणत्या विश्वासू मित्राला बोलवायचे. पत्रात शब्द नाहीत, फक्त जागा आहे. बँकेचा लॉकर दोघांच्या नावावर केला. मृत्युपत्रात क्रिप्टोचा उल्लेख केला, पण शब्द लिहिले नाहीत, कारण कोर्टात प्रोबेटसाठी गेलेले मृत्युपत्र सार्वजनिक नोंद होते. आणि एका रविवारी चहा पिता पिता बायकोने स्वतःच्या हाताने कोरे उपकरण शब्दांवरून उभे करून दाखवले. वीस मिनिटे लागली.

कराबद्दल थोडेसे. अमेरिकेत आयआरएस २०१४ पासून क्रिप्टोला मालमत्ता मानते. स्वतःच्याच वॉलेटवर हलवणे ही विक्री नव्हे. पण खरेदीची तारीख आणि किंमत लिहून ठेवा, पुढे विकताना तीच लागते. ही नोंदही त्याच पत्रासोबत ठेवा.

तर काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. पेनड्राइव्ह हरवला तर पैसे जात नाहीत. शब्दांचा कागद हरवला आणि उपकरण चालू असेल, तर त्याच दिवशी नवे शब्द तयार करून पैसे तिकडे हलवावेत. दोन्ही हरवले तर मात्र कुणीच काही करू शकत नाही. चिरंजीवांना आज फोन करून एवढेच विचारा: "कागद कुठे आहे, आणि तुझ्याशिवाय ते कुणाला माहीत आहे?"

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला कुणाला उपकरण परत उभे करण्याचा सराव करायचा असेल तर जरूर भेटा. कोरे उपकरण मी घेऊन येतो. आपले शब्द मात्र घरीच ठेवून या!