लंकाद्वीपातील वास्तू आणि यथावुड्ढं

महाराष्ट्रातून श्रीलंकेच्या धम्मयात्रेला जाणाऱ्या उपासक-उपासिकांची संख्या अलीकडील काळात पुष्कळ वाढली आहे. अनुराधपूरचा महाबोधी, रुवन्वेलिसायाचा शुभ्र स्तूप, मिहिंतलेची टेकडी, कँडीचे दंतधातुमंदिर ही स्थाने पाहून यात्रेकरू परततात, आणि ते योग्यच आहे. तथापि या स्थानांच्या मधल्या वाटेवर, वाहनाच्या खिडकीतून दिसून क्षणात मागे पडणारी जी जुनी घरे, वाडे, वाटसरूंच्या धर्मशाळा आणि खांबांवर उभी असलेली लहान विहारे असतात, त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. या वास्तूंविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यास एक कारण आहे. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेच्या निमित्ताने डॉ. बाबासाहेब आंबेडकर कँडीला गेले होते. तेथे त्यांनी आपल्या येण्याचे जे हेतू सांगितले, त्यांत बौद्ध विधी प्रत्यक्ष पाहणे हा एक होता. परंतु बुद्धाचा धम्म या देशात खरोखर जिवंत आहे की केवळ परंपरेने चालत आला आहे, हे जाणून घेणे हाही होता. हा प्रश्न स्तूपाला विचारून उत्तर मिळत नाही. स्तूप राजाने बांधलेला असतो. माणूस कोणत्या छपराखाली राहत होता, कोणत्या आसनावर बसत होता आणि कोणाच्या दारात त्याला उभे राहावे लागत होते, हे पाहिल्याखेरीज त्या प्रश्नाचे उत्तर हाती येणार नाही.

मोजण्याचे माप मात्र आपण बाहेरून आणावयाचे नाही. ते पालि वाङ्मयातच आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील सहावा खंधक सेनासनक्खंधक या नावाने ओळखला जातो. सेनासन म्हणजे सयन आणि आसन, निजण्या-बसण्याची जागा. वृक्षतळी, गिरिकंदरी, गवताच्या गंजीत राहणाऱ्या भिक्खूंना तथागतांनी येथे पाच प्रकारच्या निवासांची अनुज्ञा दिली आहे : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. या पाचांना मिळून ‘लेण’ असा शब्द आहे. आपल्या ‘लेणी’ या शब्दाचे मूळ तेच, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने ही अनुज्ञा मिळताच एका दिवसात साठ विहार उभे केल्याची कथाही तेथेच आहे.

परंतु या खंधकाचे खरे महत्त्व पुढच्या प्रसंगात आहे. निवास मिळाले, तसा अग्रासनाचा वाद आला. पहिले आसन, पहिले पाणी, पहिली भिक्षा कोणास मिळावी, असे तथागतांनी विचारले असता कोणी भिक्खू म्हणाले, जो क्षत्रियकुळातून प्रव्रजित झाला त्यास. कोणी म्हणाले, ब्राह्मणकुळातून आलेल्यास. घर बांधून होताच जात दारातून आत आली होती. तेव्हा तथागतांनी तित्तिर, वानर आणि हत्ती यांची गोष्ट सांगितली. तिघे एका वडाखाली राहत. आपल्यांत वडील कोण, हे ठरविताना हत्तीला तो वड पोटाला लागण्याएवढा आठवला, वानराला जमिनीवर बसून शेंडा खाण्याएवढा आठवला. आणि तित्तिराने सांगितले की ज्या बीजातून हा वड उगवला, ते आपल्याच विष्ठेतून येथे पडले. तित्तिर वडील ठरला. देहाने सर्वांत लहान, म्हणून गोष्टीतली गंमत. या प्रसंगातून संघात ‘यथावुड्ढं’ हा नियम आला : उपसंपदेच्या वर्षांनुसार ज्येष्ठता, जन्मानुसार नव्हे. बौद्ध वास्तूच्या इतिहासाचा विचार करताना आम्ही हाच नियम हाती धरतो.

आता लंकेकडे वळू. महावंसाच्या सत्ताविसाव्या परिच्छेदात दुट्ठगामणी राजाने (इ.स.पू. १६१–१३७) बांधलेल्या लोहपासादाचे वर्णन आहे. नऊ मजल्यांचा, तांब्याच्या पत्र्याने शाकारलेला हा भिक्खुनिवास. पुढे दिव्याची आग लागून तो जळाला आणि सद्धातिस्साने सात मजल्यांचा बांधला. आज अनुराधपुरात जे सुमारे सोळाशे दगडी खांब रांगांनी उभे दिसतात, ते बाराव्या शतकात पराक्रमबाहूच्या काळी पुन्हा उभारलेले होत. महावंस हा ग्रंथ बऱ्याच उत्तरकालीन आहे आणि तो महाविहाराच्या पक्षाचा आहे, म्हणून त्यातील आकड्यांवर आम्ही भिस्त ठेवीत नाही. परंतु एक तपशील मोलाचा आहे. तो सांगतो की खालच्या मजल्यावर सामान्य भिक्खू राहत, दुसऱ्यावर तिपिटकाचे जाणकार, त्यावर क्रमाने स्रोतापन्न आदी मार्गस्थ, आणि सर्वांत वरच्या चार मजल्यांवर अर्हंत. प्रत्यक्षात असे घडले असेल-नसेल. पण लंकेच्या मनात उंचीची कल्पना कशी होती, हे यातून कळते. वर चढावयाचे ते साधनेने. जन्माचा जिना तेथे नव्हता.

त्याच नगरीत अभयगिरीच्या परिसरात एका खडकावर ब्राह्मी अक्षरांत कोरलेला लेख आहे. परणवितान यांनी तो १९४० मध्ये प्रसिद्ध केला. दमेड, म्हणजे तमिळ, गहपतींचा हा ‘पासाद’ असल्याचे तो सांगतो आणि तेथील आसनांवर एकेकाचे नाव कोरलेले आहे. त्यांत एक नाविकही आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या बेटावर भाषेच्या नावाने जे रक्त सांडले, ते आठवले म्हणजे या खडकापुढे थोडा वेळ उभे राहावेसे वाटते. तेथे फलक पाहून बहुतेक यात्रेकरू पुढे जातात.

आपल्या जुन्नर-कार्ल्याची आठवणही लंकेत पदोपदी होते. तेथील आरंभीच्या गुहांवर पावसाचे पाणी आत न यावे म्हणून कपाळावर खोदलेली पन्हळ आणि तिच्याखाली दानलेख असतो : आलेल्या आणि न आलेल्या, चारी दिशांच्या संघाला हे लेण. आमच्या सह्याद्रीच्या लेण्यांतही ‘चातुदिस’ संघाला दान दिल्याचे लेख आहेत. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी दानात दिसते. कार्ल्याला धेनुकाकटचा एक सुतार. कष्टकऱ्याचे नाव दगडावर येऊ शकत होते, असा तो काळ.

भाषाही वास्तूचा इतिहास राखून ठेवते. सिंहली लोक गावातील विहाराला ‘पन्सल’ म्हणतात. हा पालितील ‘पण्णसाला’, म्हणजे पानांची झोपडी. कौलारू छत, चुन्याच्या भिंती, शेजारी स्तूप आणि बोधी, तरीही नाव पर्णशालेचे. घराला ‘गे’ म्हणतात, तो ‘गेह’ होय.

हे सर्व सांगून झाल्यावर आता कँडीच्या राज्यातील घराकडे येणे आम्हांस भाग आहे. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी १६६० ते १६७९ अशी एकोणीस वर्षे कँडीच्या राजाचा बंदी होता आणि त्याने १६८१ मध्ये लंडनला आपला वृत्तांत छापला. तो लिहितो की लोकांची घरे लहान, ठेंगणी, काड्यांच्या कुडावर माती लिंपलेली आणि गवताने शाकारलेली असत. यात दारिद्र्य आहे असे कोणी म्हणेल. पण पुढे तो सांगतो की एक मजल्याहून उंच बांधण्यास, कौले घालण्यास आणि भिंतींना चुना लावण्यास लोकांना मनाई होती. चुन्यासारखी पांढरी एक माती मिळे, ती काही जण फासत. पाठ असलेल्या आसनावर राजाखेरीज कोणी बसू शकत नसे. आणि खालच्या जातींना साध्या चौरंगावर बसण्याचीही मुभा नव्हती. सर्वांत खाली लोटलेल्यांना गावच्या विहिरीचे पाणी नव्हते; त्यांनी नदीचे वा डबक्याचे आणावे. एमर्सन टेनंटने १८५९ मध्ये रोडिया जमातीविषयी लिहिताना नोंदविले आहे की त्यांना दोन भिंतींचे, दुपाखी छपराचे घर बांधण्याची बंदी होती. एकाच भिंतीला टेकविलेला एकपाखी आडोसा, एवढेच त्यांचे घर.

ज्यांनी महारवाडा पाहिला आहे आणि ज्यांना १९२७ चा महाड ठाऊक आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु हे बौद्ध राजाच्या राज्यात घडत होते, ही गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. श्रद्धेपोटी इतिहासावर चुना फासणे हे पालि शिकलेल्या माणसाचे काम नव्हे. लोहपासादाच्या देशात छपराची उंची जन्मावरून ठरू लागली, हे घडले आहे. याचे स्पष्टीकरण दक्षिण भारतीय प्रभाव, राजाची जमीनव्यवस्था, सेवेच्या बदल्यात वतन अशा कारणांनी केले जाते आणि त्यांत तथ्य आहे. पण स्पष्टीकरण म्हणजे समर्थन नव्हे.

संघही यातून सुटला नाही. १७५३ मध्ये सयामहून भिक्खू आणवून कीर्ती श्री राजसिंह राजाने खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू केली, हे त्याचे थोर कार्य. त्याच राजाच्या कारकिर्दीत, १७६४ मध्ये, ही उपसंपदा गोयिगम या वरच्या जातीपुरती बंद झाली. दगडाचे आणि लाकडाचे कोरीवकाम करणारे कारागीर विहार बांधीत होते, चितारीत होते. त्यांच्या मुलाला त्या विहारात उपसंपदा मिळत नव्हती.

यावर उपाय निघाला तो पाण्यावर. दक्षिणेकडील समुद्रकाठच्या सलागम जातीचे वेलितर ञाणविमल थेर ब्रह्मदेशात अमरपुरास गेले, तेथे उपसंपदा घेऊन परतले आणि १८०३ मध्ये बलपिटियाजवळ मादू गंगेच्या पात्रात त्यांनी उपसंपदेचा विधी केला. विनयात उदकुक्खेपसीमा म्हणून एक तरतूद आहे : नदीत, समुद्रात वा तळ्यात मध्यम बांध्याच्या माणसाने चोहीकडे पाणी फेकले असता ते जेथवर पडेल तेथवर सीमा. जमीन राजाची असते, सीमा बांधण्यास त्याची संमती लागते. पाण्याला ती लागत नाही. चार खांब, वर छप्पर, खाली प्रवाह. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने हा मांडव अगदी किरकोळ. परंतु लंकेच्या अलीकडील इतिहासात याहून महत्त्वाची वास्तू आम्हांस दाखविता येणार नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या सीमागृहाला काठाशी जोडणाऱ्या पुलावरून वाद पेटला. पूल काठाला जोडला तर पाण्याची सीमा जमिनीशी मिसळते, मग विधी शुद्ध कसा? एका पुलापायी निकाय फुटला. आणि हेही सांगितले पाहिजे की अमरपूर निकायाच्या शाखा नंतर पुन्हा जातीजातींच्या वळणाने गेल्या.

कोलंबोच्या बेइरा तलावात आज जे सीमामालक दिसते, ते याच परंपरेचे. जुने खचल्यावर १९७६ मध्ये वास्तुशिल्पी जेफ्री बावा यांच्या आराखड्यावरून ते नव्याने बांधले गेले. खर्च एका मुस्लिम दांपत्याने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ केला.

कँडी भागातील सरदारांच्या वाड्यांना ‘वलव्व’ म्हणतात. मधोमध ‘मॅद मिदुल’, म्हणजे आपला चौक. भोवती खोल्या, पुढे रुंद ओसरी, वर आधी उतरते आणि मग सौम्य होत बाहेर झुकणारे कौलारू छप्पर. पाऊस अंगावर न घेता वारा आत घेण्याची ही युक्ती अप्रतिम आहे. आनंद कुमारस्वामींनी १९०८ मध्ये मध्ययुगीन सिंहली कलेवरील आपल्या ग्रंथात या परंपरेची नोंद केली नसती तर पुष्कळ काही विस्मृतीत गेले असते. बावांनी या चौकाला आधुनिक घरात पुन्हा स्थान दिले आणि आता तीच शैली देशाची म्हणून ओळखली जाते. आम्हांस ती आवडते. मात्र ज्या कौलांना आज राष्ट्रीय वारसा म्हटले जाते, ती एके काळी राज्यातील बहुसंख्यांना निषिद्ध होती, एवढे कोठेतरी लिहिलेले असावे.

१८१५ मध्ये कँडीचे राज्य इंग्रजांकडे गेले, १८३२ मध्ये सक्तीची राजकारी सेवा रद्द झाली. मग गावोगाव कौले चढली. कुडाचे ते जुने घर मात्र कोणत्याही वारसायादीत येत नाही, कारण ते टिकतच नाही. दर पावसाळ्यानंतर लिंपावे लागते. दोन वर्षे दुर्लक्ष झाले की मातीत मिळते. समोर बसण्याची ओटीसारखी ‘पिल’, अंगणात धान्याची ‘बिस्स’, म्हणजे खांबांवर ठेवलेली आपली कणगीच. आपल्या खेड्यांतील घराशी त्याचे इतके साम्य आहे की आपला माणूस तेथे चटकन रमतो.

कुरुणेगल भागात वाटसरूंसाठी बांधलेल्या काही जुन्या ‘अंबलम’ अद्याप उभ्या आहेत. नारम्मलजवळची करगहगेदर येथील अंबलम त्यांपैकी एक. चार कोपऱ्यांना चार मोठे धोंडे, त्यांवर चौकोनात टाकलेल्या जाड तुळया, त्यांतून उठलेले खांब आणि वर छप्पर. भिंत नाही, दार नाही, अग्रासन नाही. भातशेतीच्या कडेला ती आहे. बसावयाचे ते त्या तुळयांवरच, आणि शतकानुशतके बसून बसून त्यांचे लाकूड गुळगुळीत झाले आहे. त्यांवर कोण बसत असे आणि कोण बाहेर उन्हात थांबत असे, हे लाकडावरून ओळखू येत नाही.