आफ्रिकन व्हायोलेट : वसाहतीतून घराच्या खिडकीत

घरातील कुंडीत फुलणाऱ्या उष्णकटिबंधीय वनस्पतींचा इतिहास हा केवळ छंदाचा इतिहास नसून वसाहतवादाच्या इतिहासाचाही एक भाग आहे. आफ्रिकन व्हायोलेट हे त्याचे बोलके उदाहरण होय.

१८९२ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेतील (आजचा टांझानिया) वसाहती अधिकारी वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांनी उसांबारा पर्वतप्रदेशातील ही वनस्पती जर्मनीत आपल्या वडिलांकडे पाठविली. १८९३ मध्ये हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन उद्यानातील हर्मान वेंडलँड यांनी तिला ‘सेंटपॉलिया आयोनांथा’ असे शास्त्रीय नाव दिले. या नावात अधिकाऱ्याचे घराणे अमर झाले. उसांबाराच्या भूमीचा व तेथील लोकांचा मात्र त्यात मागमूस नाही.

वनातील सावलीत, खडकांच्या कपारीत वाढणाऱ्या या वनस्पतीला खिडकीतील सौम्य प्रकाश पुरेसा ठरतो. शिवाय एका पानाच्या देठापासून नवे रोप तयार होते. या दोन गुणांमुळे ती श्रीमंतांच्या काचगृहांपुरती मर्यादित न राहता सामान्य घरांत पोहोचली. १९४६ मध्ये अमेरिकेत तिच्या चाहत्यांची स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली.

याच काळात मूळ अधिवासातील जंगल तोड व शेतीविस्तारामुळे आक्रसत गेले आणि तिचे अनेक रानटी प्रकार धोक्यात आले. २०१५ मध्ये सेंटपॉलिया ही प्रजाती स्ट्रेप्टोकार्पसमध्ये विलीन करण्यात आली. शास्त्रीय नाव बदलता येते. नष्ट झालेले वन मात्र कुंडीतून परत उभे करता येत नाही. सारांश, घरातील फुलाचा इतिहास त्याच्या मूळ भूमीसह अभ्यासणे आवश्यक ठरते.