१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येची नावे आणि देवळालीचे गुरुजी

🧵 १/ ही सतरा अंकी संख्या उजवीकडून वाचा वा डावीकडून, ती तीच राहते. शिवाय ती पूर्ण वर्ग आहे: १११११११११ × १११११११११.

२/ कारण कागदावर दिसते. गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. स्तंभांच्या बेरजा १, २, ३… ९ आणि पुन्हा १ पर्यंत; हातचा कुठेच नाही. दहा एके घेतले की मधल्या स्तंभात हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होते. क्रम तिथे मोडतो.

३/ आता तिचे तीन भाग करा: १२३४५६७८, ९, ८७६५४३२१. पहिल्या व शेवटच्या भागांची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे मधल्याच अंकाची पुनरावृत्ती. अशा संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 'डेम्लो' म्हटले. ही कल्पना त्यांना जी.आय.पी. रेल्वेवरील ज्या स्थानकात सुचली, त्याचे हे नाव. तेच आजचे डोंबिवली.

४/ तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी नाव दिले 'हर्षद', आनंद देणारी.

५/ हे नामकरण करणारे कोण? जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक. १९२९ मध्ये पदवी. त्यानंतर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही.

६/ ६१७४ हा त्यांचा प्रसिद्ध स्थिरांक १९४९ चा. तरीही अनेक विद्वानांना हे काम निव्वळ अंकांचा खेळ वाटले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष वळले.

७/ नावाचा प्रश्न मात्र उरला. १९७७ मध्ये आयव्हन निवेन यांनी एका व्याख्यानात याच संख्यांचा उल्लेख केला आणि पाश्चात्त्य लेखनात त्या 'निवेन संख्या' झाल्या. एकाच कल्पनेला दोन नावे लाभली. त्यांतले संस्कृत नाव एका मराठी शाळामास्तराने दिलेले. कोणते नाव टिकते, हे ते कोण वापरत राहतो यावर ठरते.

८/ गुरुजींच्या या संशोधनाला प्रयोगशाळा लागली नाही. वही आणि चिकाटी लागली. ही सामग्री चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील शाळेतही असते. तेव्हा मित्रहो, वही घ्या: ४७७७३ डेम्लो आहे का? हर्षद आहे का? उत्तर स्वतः काढा, आणि संख्येला तिच्या मराठी मातीतल्या नावाने हाक मारा.