पोटरीतला गोळा आणि रक्तातली तांबडी पेशी

थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत जातो, पुन्हा चाललं की पुन्हा येतो. आपण म्हणतो, वय झालं, वात आहे. पण असं ठरावीक अंतरावर येणारं दुखणं पुष्कळदा पायाच्या धमन्या आतून अरुंद झाल्याचं असतं. बिडी-सिगारेट आणि साखरेचा आजार ही त्याची मोठी कारणं. त्यावरच्या एका गोळीची गोष्ट आम्ही आज सांगतोय, कारण औषधपाण्यासाठी गटातून उचल घेणाऱ्या बाया आपल्यात आहेत.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात लेव्हेनहूक नावाचे कापडाचे व्यापारी होते. धागा पारखायला भिंग लागायचं. ते स्वतःच भिंगं घासू लागले आणि कापड सोडून दिसेल ते भिंगाखाली धरू लागले! १६७४ मध्ये त्यांनी रक्तातले तांबडे कण पाहिले. पुढच्याच वर्षी लिहिलं की निरोगी माणसात हे कण फार लवचीक असले पाहिजेत; बारीक नळीतून जाताना ते लांबट होतात आणि मोकळ्या जागी पुन्हा गोल होतात. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेल्या माणसाचं हे म्हणणं आजही खरं आहे.

तांबडी पेशी पेढ्यासारखी असते, मध्ये दाबलेली. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर तिची रुंदी सात-आठ भाग. सगळ्यात बारीक रक्तनळ्या जवळपास तिच्या निम्म्या. म्हणजे तिला अंग चोरूनच जावं लागतं, तेही सुमारे १२० दिवस, रोज. साखरेच्या आजारात ती ताठर होते, मग वाट अडते.

हे दुखणं आधी ओळखलं गेलं ते घोड्यात. १८३१ मध्ये फ्रान्सचे पशुवैद्य बुले यांनी गाडी ओढताना लंगडणारं आणि थांबवलं की बरं होणारं एक घोडं पाहिलं. मेल्यावर तपासलं तर मांडीची धमनी बंद. १८५८ मध्ये पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी तेच माणसात ओळखलं. जनावरांच्या डॉक्टरानं माणसांच्या डॉक्टरला वाट दाखवली, हे आम्हाला फार आवडलं.

१९७२ मध्ये जर्मनीत पेन्टॉक्सिफायलिन ही गोळी आली. चहा-कॉफीतल्या कॅफिनच्या भावकीतली. धमनी अरुंद तर अरुंद, पेशी लवचीक करू म्हणजे रक्त पुढे सरकेल, असा विचार. १९८४ मध्ये अमेरिकेनंही परवानगी दिली. आपल्याकडे ती ट्रेन्टल या नावानं मिळते. विचार पटण्यासारखाच होता. पण पेशी लवचीक होणं वेगळं आणि माणूस लांब चालणं वेगळं. २००० साली छापून आलेल्या चाचणीत सुमारे ७०० रुग्णांचे तीन गट केले: एकाला ही गोळी, दुसऱ्याला सिलोस्टॅझॉल, तिसऱ्याला औषध नसलेली नुसती गोळी. २४ आठवड्यांनी पेन्टॉक्सिफायलिनवाले नुसत्या गोळीवाल्यांच्या पुढे गेलेच नाहीत. सिलोस्टॅझॉलवाले जास्त चालले, पण हृदय कमजोर असेल तर ती गोळी देत नाहीत.

आणि गंमत बघा, डेन्मार्कच्या लार्सन आणि लासेन या डॉक्टरांनी रोजच्या व्यायामानं हे रुग्ण जास्त चालू शकतात, असं १९६६ मध्येच दाखवलं होतं. व्यायामाला कंपनी नाही, जाहिरात नाही.

डॉक्टरांना दाखवून मग असं चालायचं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा निघायचं. एका वेळी ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे. बिडी, तंबाखू, मिश्री बंद. चालू असलेली गोळी मनानं सोडू नका. चिठ्ठी घेऊन जा आणि ही कशासाठी, असं विचारा. मात्र बसल्या जागी किंवा रात्री झोपेतही पाय दुखत असेल, बोट काळं पडलं असेल, जखम भरत नसेल, तर चालण्याच्या नादी न लागता त्याच दिवशी दवाखाना गाठा.