बिऱ्हाड हलवताय? सामानाआधी कागदांची यादी करा

वडगाव (बेळगाव) : एप्रिल-मे उजाडला की वडगाव, शहापूर, खासबागच्या गल्ल्यांतून सामानाने भरलेले छोटे हत्ती जाताना दिसतात. कोणी भाड्याची खोली सोडून हक्काच्या घरात जातो, कोणी भावाभावांत वाटणी झाली म्हणून, तर कोणी नोकरीसाठी थेट कोल्हापूर-पुण्याला. सामान एका दिवसात हलते, कागद हलायला मात्र महिने लागतात. सीमाभागात तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची. निपाणीतून कागलला जायला अर्धा तास पुरतो, पण तेवढ्यात राज्य बदलते आणि त्याबरोबर रेशन, वीज, शाळा, गाडीचा नंबर सगळेच बदलते. त्यामुळे घर बदलण्याची तयारी निदान महिनाभर आधी सुरू केलेली बरी.

महिना कोणता धरावा?

मुले शाळेत असतील तर उन्हाळी सुट्टी सर्वांत सोयीची. कर्नाटकातील शाळा मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला भरतात, महाराष्ट्रातील जूनच्या मध्यावर. म्हणजे महाराष्ट्रातून इकडे येणाऱ्यांना वेळ कमी मिळतो. जूननंतर बेळगावचा पाऊस गाद्या, कपाटे भिजवतो. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला घर घेणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा जागा पाहून मगच निर्णय घ्यावा. आषाढात मंगाई देवीच्या यात्रेच्या दिवसांत वडगावात गाडी आत आणायचा विचारच नको. पितृपक्षात सहसा कोणी घर बदलत नाही, त्यामुळे ज्यांचा मुहूर्तावर फारसा भर नाही त्यांना त्या पंधरवड्यात टेम्पो आणि हमाल सहज मिळतात. अनेक घरांत मुहूर्तावर देव, पाण्याचा कलश आणि मीठ आधी नेऊन दूध उतू घालतात आणि बाकीचे सामान सवडीने नेतात. हा मार्गही चांगला.

भाड्याचे घर असेल तर

घरमालकाला सोडण्याची सूचना करारात लिहिलेल्या मुदतीप्रमाणे द्यावी, ती लेखी असावी. डिपॉझिट किती, त्यातून रंगरंगोटीचे किती कापणार, हे सामान भरण्याआधी बोलून घ्यावे. शेवटचे वीज आणि पाणी बिल भरून मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा. नव्या घराचा करार करताना लक्षात ठेवा, नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो. म्हणूनच 11 महिन्यांच्या कराराची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मुदत 11 महिन्यांची असली तरी. कोल्हापूर, पुण्याला जाणाऱ्यांनी हे विसरू नये. नोंदवलेला करार पुढे पत्त्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.

सामान भरताना

वडगावच्या अनेक गल्ल्यांत मोठा ट्रक वळत नाही. लहान गाडीच्या दोन खेपा की एक मोठी गाडी, याचा हिशेब आधी करावा. भाडे ठरवताना हमाली, मजला आणि टोल त्यात धरला आहे की नाही, हे स्पष्ट विचारावे. प्रत्येक खोक्यावर नंबर घालून वहीत त्यात काय आहे ते लिहावे. पहिल्या रात्रीसाठी लागणारे गॅसचे लायटर, चहा-साखर, औषधे, चार्जर, अंथरुण-पांघरुण यांचे खोके वेगळे करावे आणि ते शेवटी चढवावे, म्हणजे आधी उतरेल. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून घ्यावा, उभाच न्यावा. दागिने, रोख आणि मूळ कागदपत्रे टेम्पोत नकोत, ती आपल्याजवळ असावीत.

राज्याची हद्द ओलांडताना

कोगनोळी टोल नाक्यावरून सामान नेताना ई-वे बिल लागते का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला जीएसटी नियमांत ई-वे बिलातून सूट आहे. चालकाजवळ सामानाची यादी आणि दोन्ही पत्ते लिहिलेला कागद मात्र द्यावा. घरातच माग असणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. यंत्रमाग, सुताचे कोन, दुकानातला माल हे घरगुती सामान नाही. 50 हजारांवरील मालाला ई-वे बिलाचा नियम लागू शकतो, तेव्हा कर सल्लागाराला आधी विचारलेले बरे. मागाच्या वीज जोडणीचेही तसेच. सवलत त्या जागेच्या जोडणीवर असते, माग हलवला म्हणून ती आपोआप मागे येत नाही.

गाडी बरोबर नेणार असाल तर मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओकडून फॉर्म 28 वर ना हरकत दाखला आधी घ्यावा. केए 22 चे एमएच 09 करताना नव्या राज्याचा रस्ता कर भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो.

गॅस, वीज, रेशन, मतदान

* गॅस : शहर बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावे. डिपॉझिट परत मिळते. नव्या गावी ते व्हाउचर दाखवून जोडणी मिळते. शेगडी आपलीच राहते.
* वीज : गृहज्योतीचा लाभ मीटरच्या आरआर नंबरला जोडलेला असतो. घर सोडताना जुना नंबर डी-लिंक करून नवा जोडावा, नाहीतर नव्या घरात पूर्ण बिल येते.
* रेशन : कार्डावरचा पत्ता बदलून घ्यावा. अन्नसुरक्षा कायद्याखालील कार्डावर 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येते. मात्र दोन राज्यांत दोन कार्डे ठेवू नयेत. गृहलक्ष्मी किंवा लाडकी बहीणसारख्या योजना त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहेत.
* मतदान : पत्ता बदलण्यासाठी फॉर्म 8 भरावा. मतदारसंघ बदलला तरी आता हाच फॉर्म चालतो. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला धरून नाही.
* आधार, बँक, विमा : आधारवरील पत्ता आधी बदलावा, मग बाकीची कामे सोपी होतात.

मुलांची शाळा

शाळा सोडल्याचा दाखला दुसऱ्या राज्यात नेताना त्यावर शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. ती इथून निघण्याआधीच घ्यावी, नंतर त्यासाठी परत फेरी मारावी लागते. कन्नडमधील दाखले असतील तर भाषांतर करून ठेवावे. महाराष्ट्रातून इकडे येणाऱ्या मुलांना कन्नड भाषा शिकावी लागते, तेव्हा प्रवेश घेतानाच कोणत्या इयत्तेत काय लागू आहे ते शाळेत विचारावे. अनुसूचित जाती-जमातीच्या आरक्षणाचा लाभ राज्य बदलल्यावर तसाच मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जुने कागद रद्दीत घालू नका

घर आवरताना सर्वांत मोठी चूक इथे होते. जुनी वीज बिले, घरपट्टीच्या पावत्या, शाळेचे दाखले, जुन्या मतदार याद्यांचे उतारे कचरा समजून रद्दीवाल्याला दिले जातात. महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांतील मराठी भाषिकांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत संधी मिळते, पण त्यासाठी त्या गावांत 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. अभियांत्रिकीसारख्या प्रवेशातही सीमाभागातील मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. तिथे दहावी-बारावी कुठून केली आणि मातृभाषा कोणती, हे कागदाने दाखवावे लागते. आज चौथीत असलेल्या मुलाला आणखी दहा-बारा वर्षांनी हेच कागद उपयोगी पडतील. त्यामुळे एक पत्र्याची पेटी फक्त कागदांसाठी ठेवावी, प्रत्येकाची झेरॉक्स आणि फोनवर फोटो असावा.

निघायच्या दिवशी

गॅसची नळी, पाण्याचे नळ, मुख्य स्विच बंद करून माळा, कपाटाचे वरचे खण आणि देव्हाऱ्यामागची जागा एकदा बघून घ्यावी. शेजाऱ्यांना आणि पोस्टमनला नवा पत्ता द्यावा. चावी देताना घरमालकाकडून डिपॉझिटची पावती किंवा रक्कम घ्यावी. कागदांची पेटी मात्र शेवटपर्यंत स्वतःच्या हातात असावी.