घुसाडीचे कातडे

परमार जगद्देवाच्या काळातील संस्कृत शिलालेखामुळे जैनथचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. सुमारे नऊशे वर्षे होऊनही तो लेख वाचता येतो. दगडावरचा इतिहास असा टिकतो. पीस, केस आणि कातडे यांतला इतिहास मात्र दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. आदिलाबाद जिल्ह्यातील राजगोंडांचा घुसाडी हा असाच इतिहास आहे.

आश्विन पौर्णिमेनंतर दंडारीची पथके गावोगाव निघतात आणि दिवाळीनंतर कोलाबोडीच्या विधीने सणाची सांगता होते. घुसाडीच्या डोक्यावर मोरपिसांचा भव्य टोप, अंगाला राख, चेहऱ्यावर कृत्रिम दाढीमिशी, खांद्यावर कातडे आणि हाती सोटा. व्रताच्या दिवसांत तो अंघोळ करीत नाही. त्याच्या अंगी देवाचा संचार असतो, सोट्याच्या स्पर्शाने व्याधी जाते, अशी श्रद्धा आहे. क्रिस्टोफ फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी 1940च्या दशकात या लोकांत राहून त्यांचे सणविधी नोंदविले. त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ 1948 साली निघाला. येथील प्रधान गोंडांच्या देवकथा गातात, पण घरी मराठी बोलतात, हेही त्यांनी टिपले. 1956 साली राज्यांच्या सीमा बदलल्या, किनवट आणि राजुरा आपल्या बाजूला आले. सण मात्र दोन्हीकडे राहिला.

पूर्वी खांद्यावर हरणाचे कातडेही असे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली, वन्य प्राण्याचे कातडे विनापरवाना बाळगणे गुन्हा ठरले. झडलेल्या मोरपिसांना देशात सूट राहिली. शेळीचे कातडे तर पूर्वीपासून चालतच होते. म्हणून वेश मोडला नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गावच्या नाटकात तेही कातडे नको असेल, तर आपल्या शेतातली अंबाडी आहे. वाख भिजवून, विंचरून, काळ्या-तपकिरी रंगात बुडवावा. जाड कापडावर त्याच्या बटा खालच्या काठापासून वर ओळीने शिवाव्यात, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीची शिवण झाकते. शंकराच्या व्याघ्रांबराला पिवळे कापड आणि काजळीचे पट्टे पुरतात. दहा हातांवरून प्रेक्षकाला फरक कळत नाही.

मग खरे काय आणि खोटे काय? घुसाडीची दाढी पहिल्यापासून कृत्रिमच होती, तिने त्याचे देवपण उणे केले नाही. त्याला घुसाडी करते ते व्रत, पथकाने गावोगाव घेतलेले आतिथ्य, आणि सणाच्या शेवटी टोप पूजेने उतरवून ठेवण्याची रीत. मर्लावाईच्या कनक राजूंना 2021 साली पद्मश्री मिळाली ती हे नृत्य शिकवीत राहिल्याबद्दल. 2024 साली ते गेले. कातड्याला पर्याय सापडतो, शिकवणाऱ्याला सापडत नाही. रंगमंचावर मुलांना हा वेश चढविणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी अंबाडी जरूर वापरावी. पण आधी त्यांना दंडारीच्या गावी नेऊन आणावे.