दुलई आणि रायफल

गेल्या मार्गशीर्षात आम्ही चार दिवस बाभुळगावी आमच्या आत्याबाईंकडे मुक्कामास होतो. यवतमाळ जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव कापसाच्या काळ्या जमिनीवर वसलेले आहे. त्या दिवसांत जिकडे पाहावे तिकडे कापसाने भरलेल्या गाड्या, आणि वाऱ्याने उडालेला कापूस अडकून रस्त्याकडेच्या बाभळीही पांढऱ्या झालेल्या. आत्याबाईंच्या ओसरीवर पिंजारी नव्या दुलईचे काम घेऊन बसला होता. धनुकलीचा तो नाद आता कानी पडत नाही. रुई यंत्रावर पिंजून येते. परंतु ती भरणे आणि वर टाके घालणे हे अद्याप हातानेच चालते. "चाचा, रुई दडपू नका हो. दडपली की ऊब गेली," असे आत्याबाई दोनतीनदा बजावीत होत्या.

आम्ही थट्टेने म्हणालो, "आत्या, तुला थंडीचे शास्त्र कोणी शिकवले?" त्यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शिकवले कोणी नाही. पण बासष्ट साली आम्ही पोरींनी शिपायांसाठी स्वेटर विणले होते, ते आठवते. लोकर कशी धरतात तेही आम्हाला ठाऊक नव्हते. माझ्या स्वेटरची एक बाही लांब झाली होती. तो कोणाला मिळाला असेल का रे?"

त्या वेळी आत्याबाई सतरा वर्षांच्या होत्या. यवतमाळहून खाकी लोकर आली, गावातील एका शिक्षकाच्या पत्नीने सुया कशा धराव्या ते दाखविले, आणि दिवाळीनंतर घरोघर विणकाम सुरू झाले. गठ्ठा बांधून रवाना झाला तेव्हा डिसेंबर उजाडला होता. चीनने आपण होऊन युद्ध थांबविल्याची घोषणा केली ती २१ नोव्हेंबर १९६२ रोजी. म्हणजे आत्याबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर पंचांगच देते. उरलेल्या अर्ध्यासाठी त्या हिवाळ्यात आपल्या पायदळाच्या शिपायाच्या अंगावर काय होते आणि हातात काय होते, हे पाहावे लागते.

ही हकीकत सांगणाऱ्यांत एक मराठी आडनावाचा सेनाधिकारी अग्रभागी आहे. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी हे ईशान्य सीमेवर नामका चू या ओढ्याकाठी सातव्या ब्रिगेडचे प्रमुख होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला, दोन दिवसांनी ते स्वतः शत्रूच्या हाती सापडले, आणि सुटून आल्यावर पुढे १९६९ मध्ये त्यांचा 'हिमालयन ब्लंडर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे शिपाई मैदानी मुलखातून घाईघाईने वर चढविण्यात आले होते. वाटेतील खिंडी १३ हजार फुटांच्या वर. अंगावर उन्हाळी सुती गणवेश, पाठीवर एक कांबळे आणि बंदुकीमागे ५० काडतुसे, एवढा बहुतेकांचा संसार. उरलेले सामान विमानांतून छत्र्यांनी टाकावयाचे ठरले होते. त्यांतील कितीतरी गाठोडी खोल दऱ्यांत जाऊन पडली. या ओढ्याकाठच्या दुसऱ्या राजपूत पलटणीत सुमारे ५०० माणसे होती. त्यांपैकी २८० हून अधिक त्या एका सकाळी कामास आली.

या युद्धाविषयी बोलताना आपल्याकडे दोष प्रथम बंदुकीस देण्याची रीत आहे. चिन्यांजवळ नवी स्वयंचलित शस्त्रे आणि आमच्या जवानांजवळ पहिल्या महायुद्धाची जुनाट बंदूक, हे वाक्य आम्ही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत किती वेळा वाचले असेल त्याची गणती नाही. ते खोटे नाही. पण त्याने विचार लवकर थांबतो. ही बंदूक म्हणजे ली-एनफील्ड. तिच्या नळीचा व्यास इंचाचे ३०३ सहस्रांश, म्हणून लोक तिला 'थ्री-नॉट-थ्री' म्हणत. वजन चार किलोच्या आसपास. पेटीत दहा काडतुसे बसत, ती पाचपाचच्या दोन जुडग्यांनी भरावयाची. आणि प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने वर उचलून, मागे ओढून, पुन्हा पुढे सारावा लागे. तरबेज शिपाई तिच्यातून मिनिटास नेम धरून पंधरा बार काढी. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे तयार होत होती. तिचा नेम दूरवर खरा, तिची रचना चिखलधुळीस दाद न देणारी. समोरच्या चिनी शिपायाजवळ रशियन घडणीची दोन शस्त्रे होती. एक, चाप ओढताच पुढचे काडतूस आपोआप चढविणारी दहा गोळ्यांची आखूड बंदूक; दुसरे, तीस गोळ्यांचे पूर्ण स्वयंचलित. जवळच्या झुंजीत, विशेषतः झाडीतून शत्रू अंगावर आला असता, यांच्यापुढे ली-एनफील्ड उणी पडली यात शंका नाही. परंतु दोनतीनशे यार्डांवर, खंदकात स्थिर बसून, पुरेशी काडतुसे जवळ असलेल्या माणसाच्या हाती ती नादान बंदूक नव्हती.

प्रश्न त्या हाताचा आहे. ज्यांनी शून्याखालची थंडी पाहिली नाही अशा आम्हा वऱ्हाडकरांस हे लवकर ध्यानी येत नाही. उघड्या बोटांनी गारठलेले लोखंड धरले तर कातडी त्यास चिकटते. बोटे बधिर झाली की जुडग्यातील काडतुसे पेटीत दाबणे जमत नाही, आणि बोल्टची मूठ हातातून निसटते. जाड लोकरीचे हातमोजे घालावे, तर चापाच्या कडीत बोट शिरत नाही. म्हणून थंड देशांच्या सैन्यांत चापाचे बोट निराळे ठेवलेले हातमोजे शिवतात. बोल्टास लावलेले मैदानातले तेल थंडीत घट्ट होऊन खटका मंदावतो. तेथे तेल पातळ हवे आणि अगदी पुसट हवे. बंदूक उबेत नेली की तिच्यावर दव धरते आणि बाहेर काढली की ते गोठते, तेव्हा ती बाहेरच ठेवावी लागते. आणि चौदा हजार फुटांवर हवा विरळ असल्याने गोळीस अडथळा कमी होतो. खाली मैदानात बसविलेला नेम तेथे दूरच्या अंतरावर वर जातो. स्वयंचलित बंदुकीसही हे सारे चुकत नाही. सारांश, बंदुकीचा निम्मा गुण शिपायाच्या कपड्यांत आणि तयारीत असतो. आणि कपड्याविना नवी बंदूक दिली असती तरी ती त्याच बधिर बोटांत गेली असती.

आता त्या सुती गणवेशाकडे वळू. आमच्या प्रांताचे सारे वैभव ज्या पिकावर उभे राहिले त्यासच दोषी ठरविण्याची वेळ येथे येते, आणि कापसाच्या गावी बसून ते करताना जरा संकोच वाटतो. सुताचे घट्ट विणलेले कापड, ज्यास बाजारात ड्रिल म्हणतात, ते घाम पिते आणि सोडीत नाही. पाठीवर ओझे घेऊन चढण चढताना शिपाई घामाने भिजतो. वर पोचून थांबला की तेच ओले कापड त्याच्या अंगातील उष्णता शोषून घेऊ लागते. गिर्यारोहक सुती कपड्यास भितात ते याचसाठी.

तथापि समोरून आलेला शत्रू काय पांघरून आला होता? तोही कापूसच! दोन कापडांच्या मध्ये रुई भरून, उभे टाके घालून शिवलेली बंडी, तशीच विजार, आणि कानांवर ओढून घेता येणारी टोपी. आमच्या आत्याबाईंच्या ओसरीवरील दुलईस बाह्या लावल्या तर जे होईल ते. ऊब रुईच्या तंतूंत नसते; तंतूंच्या मध्ये अडकून स्वस्थ राहिलेल्या हवेत असते. म्हणून रुई दडपली की ऊब जाते, आणि म्हणूनच रुई खाली घसरून गोळा होऊ नये यासाठी टाके घालावे लागतात. ही गोष्ट वऱ्हाडातील कोणत्याही म्हातारीस ठाऊक होती. आमचा शिपाई सदऱ्यात होता आणि त्यांचा दुलईत होता. दोघांचे पीक एकच.

चिन्यांना हे शहाणपण जन्मजात होते असे मात्र कोणी समजू नये. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कोरियामध्ये चांगजिन सरोवराच्या परिसरात त्यांनी जे सैन्य घातले ते पूर्व चीनच्या सौम्य हवेतून आलेले होते, आणि उत्तरेच्या हिवाळ्याचे पुरे कपडे त्यास मिळालेलेच नव्हते. सुमारे ३० हजार माणसे हिमदंशाने निकामी झाली. काही तुकड्या दबा धरून बसल्या जागीच गोठून गेल्या. पायांतील कापडी बूट हे त्यांचे विशेष वैरी ठरले. बारा वर्षांनी हिमालयात उतरलेले चिनी सैन्य तिबेटच्या उंचीवर मुरलेले होते आणि कोरियाचा धडा त्याच्या अंगावर शिवलेला होता.

तसाच धडा आमच्याही घरात होता, आणि तो एकदा नव्हे तर अनेकदा मिळाला होता. १९१४ च्या शरदात हिंदी सैन्याचा पहिला मोठा ताफा फ्रान्सला मार्सेय बंदरी उतरला, त्यात खडकीच्या सफरमैनांच्या कंपन्या होत्या. त्यांपैकी दोन कंपन्यांनी २८ ऑक्टोबर रोजी नव्ह शापेल येथे पायदळाबरोबर हल्ला करून फार मोठी हानी सोसली. हे सैन्य उतरताच त्याच्या जुन्या बंदुका काढून घेऊन नव्या काडतुसास योग्य अशा नव्या ली-एनफील्ड देण्यात आल्या. हे काम बंदरातच झाले. परंतु अंगावरील खाकी ड्रिल तेवढे तातडीने बदलले नाही. गरम कपडे मागाहून, हिवाळा अंगावर आल्यावर आले. बंदूक आधी आणि कापड नंतर, ही सरकारी क्रमवारी तेव्हापासूनची आहे. याला काही अंशी मनुष्यस्वभावही कारण असावा. बंदूक पाहून मंत्र्यास स्फूर्ती येते. हातमोज्यांची यादी पाहून कोणास येणार?

पुढे स्वतंत्र भारताची ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स १९५० च्या त्याच हिवाळ्यात कोरियात जखमींची सेवा करीत होती. १९५३-५४ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी आमचे जे दल तेथे गेले त्याचे प्रमुख कोल्हापूरकडील वडगावचे शंकरराव थोरात होते. सहा हजारांच्या आसपास हिंदी माणसांनी तो हिवाळा कोरियात काढला आणि तेथील थंडी स्वतःच्या हातापायांनी जाणली. हेच थोरात १९५७ ते १९६१ पूर्वेकडील सैन्याचे अधिपती होते. १९५९ च्या सुमारास त्यांनी लेखी कळविले होते, आणि १९६० मध्ये लखनौ येथे 'लाल किल्ला' नावाच्या लुटुपुटीच्या युद्धात प्रत्यक्ष मांडूनही दाखविले होते, की थेट सीमेवर मूठभर माणसे बसवून चिनी हल्ला थोपवता येणार नाही; जेथपर्यंत आपली रसद पोचते अशा मागच्या जागी लढावे. हा सल्ला रणनीतीचा होता, असे म्हणतात. आम्हास तो गणवेशाचाही वाटतो. जेथे रसद पोचते तेथेच कांबळे पोचते.

लडाखमधील रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर रोजी मेजर शैतानसिंग यांच्या तेराव्या कुमाऊंच्या कंपनीने जे केले ते सर्वश्रुत आहे. तेथील उंची सोळा हजार फुटांची. सुमारे १२० जणांपैकी ११० हून अधिक पडले. हातांत तीच बोल्टची बंदूक होती. पुढच्या फेब्रुवारीत बर्फातून प्रेते सापडली तेव्हा कित्येकांची शस्त्रे हातातच होती. ही माणसे हरियाणाच्या सपाट, उष्ण मुलखातली, जवळजवळ आमच्यासारखीच. बंदूक जुनी असूनही पुरेशा गोळ्या आणि खणलेले खंदक यांच्या बळावर काय होऊ शकते याचा तो दाखला आहे. आणि थंडी कोणासही सवलत देत नाही याचाही.

नोव्हेंबरात अमेरिका व ब्रिटन यांच्याकडून विमानांनी शस्त्रे व गरम कपडे येऊ लागले. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण दिल्लीस संरक्षणमंत्री म्हणून गेले. खास डोंगरी लढाईसाठी दहा डिव्हिजने उभारण्याचे ठरले. ईशापुरास लौकरच स्वयंचलित भरणीची ७.६२ मिलिमीटरची रायफल निघू लागली. बंदुकीचा प्रश्न असा थोडक्या वर्षांत सुटला. कापडाचा प्रश्न मात्र चिवट निघाला. १९८४ मध्ये सैन्य सियाचेनवर चढले तेव्हा बर्फातील कपड्यांसाठी परदेशाकडे पाहावे लागले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालातही अत्युच्च प्रदेशातील जवानांच्या कपड्यांच्या व बुटांच्या तुटवड्यावर ताशेरे आहेत.

जर्मनांनी मॉस्कोपुढे थंडीत अडकल्यावर १९४१ च्या डिसेंबरात घरोघरून लोकरी व केसाळ कपडे गोळा केले होते, हे आम्ही आत्याबाईंना सांगितले. सैन्यांस हिवाळा नेहमी उशिरा आठवतो, एवढाच आमचा अभिप्राय होता. त्यांना त्यात समाधान वाटले नाही. "ते कोणी का असेनात," त्या म्हणाल्या, "माझा स्वेटर डिसेंबरात गेला. पण सीमेवर पोरे पुढच्या थंडीतही होतीच ना?" आम्ही होय म्हणालो. १९६३ च्या हिवाळ्यातही तेथे पहारे होतेच. "मग कोणाला तरी झाला असेल," असे म्हणून त्या पिंजाऱ्याकडे वळल्या आणि टाक्यांतील अंतर चार बोटांहून अधिक ठेवू नका, असे त्यास सांगू लागल्या.